चरणदासाची पाचवी शपथ

चरणदास चोर आहे, पण शब्दाचा पक्का. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, अशा चार शपथा तो गुरूसमोर थट्टेत घेऊन टाकतो. चोराच्या वाट्याला हे कुठून यायचं! गुरू मात्र पाचवीही घ्यायला लावतो: खोटं बोलायचं नाही. पुढे त्या चारही गोष्टी खरोखरच चालून येतात, तो शब्द मोडत नाही आणि जीव गमावतो.

मूळ कथा विजयदान देथांची, राजस्थानची. रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी १९७५ साली ती छत्तीसगढी नाचाच्या कलावंतांकडून उभी केली. त्यात सतनामींची पंथी गाणी आहेत. ८ जून २००९ला तन्वीर गेले आणि त्याच पावसाळ्यात छत्तीसगढ सरकारने या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकात आपल्या समाजाचा अपमान आहे, अशी सतनामी धर्मगुरूंची तक्रार होती. देशभरातल्या लेखकांनी, नाट्यकर्मींनी निषेध केला. मीही मनाने त्यांच्याच बाजूला होतो. तरी काहीतरी टोचत राहिलं.

त्याच सुमारास, २००८ साली, इंडोनेशियात अश्लीलताविरोधी कायदा झाला होता. आपला पोशाख, आपलं नृत्य, आपली शिल्पं यांनाच उद्या गुन्हा ठरवतील, म्हणून बालीचे कलावंत रस्त्यावर आले. तिथे बाजू निवडणं सोपं होतं: बहुसंख्यांची नीती अल्पसंख्यांच्या अंगावर चालून आली होती. रायपुरात दुखावले गेले ते सतनामी. ज्यांना गावाने शतकानुशतकं शिवून घेतलं नाही, ज्यांना गुरू घासीदासांनी सत्य हेच नाव दिलं, ते लोक. ‘कलेत एवढं चालायचंच’ हे त्यांना कोण सांगणार? मी?

आपल्याकडे १९७२मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ आलं, तेव्हाही एक समाज दुखावला होता. पण त्या समाजाकडे संपादक होते, वकील होते, इतिहासकार होते, सभागृहं होती. उत्तर द्यायची सगळी साधनं हाताशी असताना बंदी मागणं आणि ती कधीच हाती न आलेल्याने मागणं, ही एकच गोष्ट नव्हे. तन्वीरांच्याच ‘पोंगा पंडित’चे प्रयोग २००३मध्ये मध्य प्रदेशात उधळले गेले, तो राग पुन्हा वेगळा. अस्पृश्यतेची टिंगल झाली म्हणून आलेला तो राग होता. या सगळ्यांना ‘भावना दुखावणं’ या एकाच पोत्यात भरणारे लोक मला आळशी वाटतात, मग ते कोणत्याही बाजूचे असोत.

दुखणं खरं मानलं तरी त्यावरचा उपाय योग्य ठरतोच असं नाही. माझी अडचण तिथे आहे. तक्रार सरकारदरबारी गेली की सतनामींचा प्रश्न सतनामींचा राहत नाही, तो फायलीचा होतो. अपमान कोणत्या ओळीत आहे, तो का बोचतो, ती ओळ कशी हवी होती, हे मग कुणी कुणाला विचारत नाही. शिवाय हुकमाला जात नसते. आज तुमच्यासाठी निघालेला उद्या तुमच्यावर निघतो. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणारे मुक्तिबोध जवळच राजनांदगावला शिकवत असताना, १९६२मध्ये, त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने अशीच बंदी घातली होती. त्या वेळी दुखावलेले कुणी दलित नव्हते.

नाचाची रीत वेगळी. रात्रभर चालणाऱ्या खेळात संवाद जागेवरच सुचतात, समोरचा गाव ओरडला की बदलतात. तिथे आक्षेप हा खेळाचाच भाग असतो. छापील पुस्तकाला हे जमत नाही, हे खरं. पण पुढच्या आवृत्तीत सतनामी लेखकाची प्रस्तावना येऊ शकली असती, किंवा त्याच गोष्टीवर पंथीवाल्यांनी आपलं नाटक रचलं असतं. निषेध करणाऱ्या आपण लोकांनी तरी त्यांना तसं विचारायला हवं होतं. आपण पत्रकं काढली, ती एकमेकांत वाचली.

वर्षानुवर्षं चरणदास उभा करणारे गोविंदराम निर्मलकर राजनांदगावकडचे. २००९च्याच पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव होतं.