धारेचा वेळ कोणाचा?



तिगावच्या सत्संगात एका माउलीने प्रश्न विचारला. तो सगळ्यांच्याच कामाचा आहे म्हणून इथे घेतो. अहिंसा मानणाऱ्या माणसानं चाकू-विळ्याला धार लावत बसावं का? काही जण हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या सौसर-पांढुर्णा पट्ट्यात याचं उत्तर संत्र्याच्या बागेत शोधावं. आंबियाची तोडणी आटोपली की झाडातली सल काढावी लागते. वाळलेली फांदी कापायची, पण सोबत थोडा हिरवा भाग घेऊनच, नाहीतर रोग मागे उरतो. म्हणजे मेलेलं काढायलाही जिवंत भागावर पातं चालवावंच लागतं. ते काही टळत नाही. जखम कशी करायची, एवढंच आपल्या हाती असतं. पातं धारदार असेल तर काप गुळगुळीत येतो आणि त्यावर बोर्डो मलम (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) नीट बसतं. बोथट पात्यानं साल चिरडते, सोलून निघते, आणि त्या फाटक्या जागेतून बुरशी आत शिरते. झाड ओरडत नाही म्हणून आपल्याला कळत नाही, इतकंच. शिवाय बोथट अवजाराला जोर जास्त लागतो आणि ते निसटलं की बोटावरच येतं. तेव्हा माउलीला आमचं उत्तर असं, की धार न लावणं ही अहिंसा नव्हे, तो निव्वळ आळस आहे, आणि त्याचा त्रास दुसऱ्याला होतो.

आता पेनाएवढ्या पोलादी सळया मिळतात. खिशात घालून शेतावर नेता येतात. खाटकाजवळ लांब सळई असते ना, तिचंच हे छोटं रूप. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. धार झिजायच्या आधी वळते. डोळ्याला दिसत नाही, पण कडा एका अंगाला कलते. गुळगुळीत सळई पात्यापेक्षा कडक असते. तिच्यावरून चाकू साधारण 20 अंशांत तिरपा धरून, दोन्ही अंगांनी चार-पाच वेळा हलक्या हातानं ओढला की कडा पुन्हा सरळ होते. धातू फारसा जात नाही. दगडावर किंवा फिरत्या चाकावर धातूच खरवडला जातो, अन् तो काही परत येत नाही. हिऱ्याची पूड बसवलेली सळईही खरवडतेच. दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो, घेताना विचारून घ्यावं. सिकेटरच्या पात्याला उतार बहुधा एकाच अंगाला असतो, तिथे ही हिऱ्याची सळई फक्त उताराच्या बाजूनं फिरवावी. आणि चाकू पार बोथट झाला असेल तर गुळगुळीत सळई काही करू शकत नाही, त्याला दगडच पाहिजे.

रोजचं नामस्मरण म्हणजे सळई आणि वर्षातून एकदाचं शिबिर म्हणजे दगड, अशी उपमा लगेच सुचते. बरीही आहे. पण तिच्यात रमलो की शेतातला प्रश्न शेतातच राहतो.

चीनमधल्या च्वांग त्झूच्या जुन्या ग्रंथात एका स्वयंपाक्याची गोष्ट आहे. चांगला स्वयंपाकी वर्षाला सुरी बदलतो, साधा महिन्याला. याची मात्र 19 वर्षं तीच, आणि धार नुकतीच दगडावर लावल्यासारखी, कारण त्याचं पातं हाडाला न लागता सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून जायचं. गोष्ट सांगून लोक कौशल्याचं कौतुक करतात. आम्हाला मात्र वाटतं, तो राजाच्या घरचा स्वयंपाकी होता. आपल्या वेळेनं, जपून काम करायची त्याला मुभा होती. त्याला कोणी झाडामागे पैसे देत नव्हतं.

आपल्यापैकी पुष्कळ जण बागायतदार आहेत. रोजंदारीवरचा माणूस तासाभरानं पात्यावरून सळई फिरवायला थांबला, की धुऱ्यावरून हाक येते, "काहून बसला रे?" मग तो बोथट पात्यानंच पुढं रेटतो. मनगट त्याचं दुखतं, साल झाडाची फाटते, आणि आपण म्हणतो मजूर आता पहिल्यासारखे राहिले नाहीत! गुत्त्याच्या कामात तर हाकही मारावी लागत नाही. भाव झाडावर ठरलेला असतो, धारेचा वेळ मजुराच्याच पदरचा जातो, म्हणून तोच तो वाचवतो. अवजार त्याचं, वेळ त्याचा आणि बाग आपली, हा हिशेब आम्हाला नीट वाटत नाही. सळई मालकानं घेऊन द्यावी हे सोपं, एकदाच्या खर्चाचं काम आहे. अवघड आहे ते तासातली दोन-चार मिनिटं मजुरीत धरणं.

यंदा सल काढायचा भाव ठरवायला बसू, तेव्हा हा विषय मांडावा असं आम्हाला वाटतं. आणि त्या बैठकीला सल काढणाऱ्यांपैकीही दोघा-चौघांना बोलवावं. दिवसातून किती वेळा धार जाते, हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.