उरलेला घास कुणाच्या पोटात?

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. सगळ्यांची जेवणे आटोपलेली असतात. घरातली आई ओट्याजवळ उभी राहून पातेल्यात डोकावते. वाटीभर भात उरला आहे, थोडी आमटी आहे आणि मुलाच्या ताटात अर्धी पोळी तशीच आहे. तिचे जेवण झालेले आहे, पोटही भरले आहे. तरीही ती ते सगळे उभ्याउभ्याच संपवते, कारण अन्न टाकू नये असे तिला लहानपणापासून शिकवले गेले आहे.

हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. त्यामागची भावना चांगलीच आहे. अन्नामागे शेतकऱ्याचे कष्ट असतात, पाऊस असतो, माती असते. पण थोडे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारू या. भूक नसताना पोटात घातलेले अन्न सत्कारणी लागले का? ते कचऱ्याच्या डब्यात गेले नाही, एवढे खरे. पण ज्याला त्याची गरज नव्हती, अशा शरीरात ते साठून राहिले. मग वाया जाणे टळले कुठे? फक्त जागा बदलली.

वजन वाढण्याचा विषय निघाला की आपण लगेच पथ्य, व्यायाम आणि काट्यावरचे आकडे यांबद्दल बोलू लागतो. ते आवश्यक आहेच. पण वजन बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या चुकीने वाढत नाही. रोजच्या लहान लहान सवयींनी ते वाढते आणि यातल्या अनेक सवयींमागे प्रेम, भीड, कंटाळा किंवा दुःख दडलेले असते. म्हणून हा प्रश्न शरीराइतकाच मनाचाही आहे.

भूक नेमकी कुणाची?

भूक तीन प्रकारची असते. पहिली पोटाची. ती हळूहळू वाढते आणि साध्या भाजी-भाकरीनेही शांत होते. दुसरी जिभेची. तिला भाकरी चालत नाही, चिवडाच हवा असतो. तिसरी मनाची. कार्यालयात अपमान झाला, मुलाशी वाद झाला, संध्याकाळी घर रिकामे वाटले, की हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जातो.

पोटाची भूक अन्नाने भागते. मनाची भूक अन्नाने क्षणभर विसरली जाते, भागत मात्र नाही. म्हणूनच ती अर्ध्या तासाने पुन्हा येते. पुढच्या वेळी डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारून पाहा: ‘आत्ता समोर नुसता वरणभात असता, तर मी खाल्ला असता का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ही भूक पोटाची नाही.

न दिसणारी रोजची कारणे

*चहातली साखर.* दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हिताचे. म्हणजे गोड पदार्थ न खाणारी व्यक्तीही नुसत्या चहाने ही मर्यादा ओलांडते.

*तेलाचा सैल हात.* एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून ४. फोडणीला पळीने अंदाजे तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घातले, तर चवीत फारसा फरक पडत नाही, पण महिन्याच्या हिशेबात मोठा पडतो.

*घाई आणि पडदा.* पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणारा माणूस ही जाणीव होण्याआधीच दोन पोळ्या जास्त खाऊन बसतो. त्यात समोर मोबाईल असेल, तर काय खाल्ले हेच आठवत नाही.

*उपवासाचे ताट.* ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी स्वतःकडे पाहूनच केली असावी. साबुदाणा जवळजवळ संपूर्ण पिष्टच असतो. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप आणि बटाटा आला की पोटाला विश्रांती मिळत नाही, उलट भार वाढतो. संयमासाठी ठेवलेला दिवस चवीचा दिवस होऊन बसतो.

*बसून राहणे आणि अपुरी झोप.* पूर्वी पाणी भरणे, दळण, बाजार यांत शरीर आपोआप हलत असे. आज दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत जातात. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे सांगितले जाते. दिवसाला २२ मिनिटे भरभर चाललो तरी ती पूर्ण होते. झोप कमी झाली की भूक आणि तृप्ती यांच्या संप्रेरकांचे संतुलन बिघडते आणि दुसऱ्या दिवशी गोड, तळकट खावेसे वाटते.

आग्रह म्हणजे प्रेम का?

पंगतीत ‘अजून एक जिलबी, माझ्यासाठी!’ असा आग्रह झाला की नाही म्हणवत नाही. वाढणाऱ्याला वाटते आपण प्रेम दिले, खाणाऱ्याला वाटते आपण मान राखला. पण त्या जिलबीचा भार सोसावा लागतो शरीराला आणि त्याचे मत कुणीच विचारलेले नसते. मधुमेह असलेल्या काकांना आग्रह करून गोड वाढणे हे प्रेम म्हणायचे का? समोरच्याचे ‘पुरे’ ऐकून हात थांबवणे, हाही आदरच आहे. प्रसादाला नाही म्हणू नये असे वाटत असेल, तर कणभर घ्यावा. प्रसादाचे मोल वजनावर ठरत नाही.

दोष कुणाचा?

येथे एक सावधगिरी हवी. वजन जास्त असलेल्या माणसाला आळशी किंवा हावरट ठरवणे हा अन्याय आहे. चरकसंहितेत अतिस्थूलतेची कारणे सांगताना अतिआहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्यासोबत बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिक प्रकृतीही सांगितली आहे. थायरॉईडचा विकार, स्त्रियांमधील पीसीओएस किंवा स्टेरॉइडसारखी काही औषधे यांमुळेही वजन वाढते. अशा वेळी उपदेश नको, डॉक्टरांचा सल्ला हवा.

हा प्रश्न एकट्या-दुकट्याचाही नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील जवळपास दर चौघांमागे एका व्यक्तीचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. इतक्या लोकांचा संकल्प एकाच वेळी ढिला पडला, असे म्हणता येणार नाही. आपली राहणीच बदलली आहे.

म्हणून स्वतःला अपराधी मानू नका. अपराधीपणाने माणूस खचतो आणि खचलेला माणूस पुन्हा अन्नातच आधार शोधतो. पण ‘माझ्या हातात काहीच नाही’ असेही म्हणू नका. प्रकृती आपण निवडलेली नसते. पुढचा घास मात्र आपणच उचलतो.

आजपासून काय करता येईल?

• जेवण मोजून शिजवा. तरीही उरले तर ते चांगले असतानाच गरजूला द्या किंवा नीट झाकून थंड ठेवा. सकाळचा फोडणीचा भात आणि पोळीचा कुस्करा ही आपल्या घरांचीच जुनी युक्ती आहे.
• पोटाचे तीन भाग कल्पावेत, असे चरकसंहिता सांगते. एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक मोकळा, वात-पित्त-कफांच्या कार्यासाठी. ‘अजून थोडे चालेल’ असे वाटतानाच हात धुवा.
• दिवसातले किमान एक जेवण मोबाईल आणि टीव्हीशिवाय, सावकाश चावून करा. जेवणापूर्वी क्षणभर डोळे मिटून अन्नदात्याचे स्मरण करा. त्या क्षणात घाई आपोआप ओसरते.
• चहातली साखर दर आठवड्याला थोडी कमी करा. जीभ हळूहळू शिकते.
• मन अस्वस्थ असताना डबा उघडण्याआधी दहा दीर्घ श्वास घ्या किंवा एखाद्या जवळच्या माणसाशी बोला.

गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. शरीराचे लाड नकोत, तसा छळही नको. काट्यावर दोन किलो कमी दिसावेत म्हणून आठवडाभर उपाशी राहणे हाही असंयमच आहे.

आणि ओट्याजवळ उभ्या असलेल्या त्या आईचे काय? सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर उरलेले संपवण्याचे काम तिच्याकडेच का यावे? उद्या रात्री घरातल्या सर्वांनी एक करावे. आपल्या ताटात हवे तेवढेच वाढून घ्यावे, ताट स्वच्छ करावे आणि तिलाही सोबत बसवून ताजे, तिला हवे तेवढे वाढावे. अन्नाचा आदर तिथे सुरू होतो आणि तिच्या शरीराचाही.