निरोपानंतरची गाडी

मुंबई, ठाणे, नाशिकच्या लोकांनी निरोप दिलेल्या डिझेल गाड्या पुढे कुठे जातात, याचं निदान एक उत्तर मोखाड्याच्या नाक्यावर उभं असतं. तिथल्या किंवा खोडाळ्याच्या बाजारातल्या जीपांच्या नंबरपाट्या वाचाव्यात: एमएच-०४, एमएच-१५, एमएच-०२. शहरात ज्यांचे दिवस भरले असं ठरलं, त्या गाड्या इथे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे तोरंगणचा घाट चढत असतात. जव्हारला आमच्या घरी बरीच वर्षं असलेली डिझेल स्विफ्ट विकायची ठरली तेव्हा या जीपा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या गाडीच्या आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या माझ्यापाशीच राहतील. मला पडलेला प्रश्न पुढचा आहे. गाडी इतकी वर्षं जिवापाड राखली, तर किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना मालकाची जबाबदारी संपते का? माझ्या मते तिचा सर्वांत अवघड भाग तिथेच सुरू होतो.

गाडी राखायची म्हणजे काय करायचं, हे आधी सांगायला हवं. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं, आणि ते किती स्वच्छ जळेल हे बरंचसं इंजेक्टर किती बारीक फवारा मारतो त्यावर ठरतं. नोजल झिजलं की थेंब जाड पडतात, पुरते जळत नाहीत, आणि मागून काळा धूर येतो. म्हणून जाणत्या मेस्त्रीचा सगळा जीव डिझेल फिल्टरमध्ये. जव्हारच्या पावसाळ्यात महिनोन् महिने हवा ओली असते. अर्धी रिकामी टाकी आतून दमट होते, ते पाणी फिल्टरच्या तळाशी साचतं आणि वेळच्या वेळी काढलं नाही तर इंजेक्टरपर्यंत पोचतं. विक्रमगडकडून घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. टर्बो तापलेला असतो, आणि तेल फिरत राहिलं तरच त्याचं बेअरिंग सावकाश निवतं. हे सगळं कुणी पाहत नसताना करायचं असतं. गाडी विकताना त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. एजंट वर्ष विचारतो, किलोमीटर विचारतो आणि आकडा सांगतो.

आमच्या गाडीचं १२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीने ते २००७ मध्ये स्विफ्टमध्ये आणलं, टाटांच्या गाड्यांतही ते होतं. दोन हजार आरपीएमलाच १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिळत असल्याने माणसं आणि भाताची पोती घेऊनही ते घाटात दमत नसे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच सोडलं. तेव्हापासून अशी गाडी जपण्याला एक हट्टाची धार आली.

त्या हट्टाला मर्यादा आहे, आणि ती आपण गाडीप्रेमी लोक सहज मान्य करत नाही. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण आणि २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती अनुक्रमे साडेचार आणि ८० मिलिग्रॅमवर आली. कितीही मन लावून सर्व्हिसिंग केलं तरी जुनी गाडी फार तर आपल्या जुन्या मर्यादेत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक होता. ती सवलत शेतीचे पंप, एसटी आणि मालवाहतूक डोळ्यांपुढे ठेवून होती; ऑक्टोबर २०१४ मध्ये दर खुले होईपर्यंत खाजगी गाडीवाल्यांनीही ती भरपूर वापरली. तेव्हा आपल्या डिझेल गाडीवर सार्वजनिक पैशाचंही थोडं ऋण आहे, असं मी मानतो.

कायदा गाडीचं वय मोजतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयाकडे पाहून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून, हरित कर भरून गाडी पुढे चालवता येते. वय मोजायला सोपं आहे, म्हणून प्रशासनाला ते सोयीचं. पण पाण्याने इंजेक्टर खराब झालेली आठ वर्षांची गाडी आणि नीट राखलेली चौदा वर्षांची गाडी यांत जास्त धूर कोण सोडतं, हे वयावरून कळत नाही. पीयूसीच्या चाचणीतही डिझेल गाडीच्या धुराचा फक्त दाटपणा पाहतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. खरी तपासणी हवी, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी हवी. मोखाड्याच्या माणसाने त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून वसई-विरार गाठावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता मोखाड्याकडे. ऑगस्ट २०२२ मध्ये बोटोशीजवळच्या मरकटवाडीत रस्ता नसल्याने एका बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागलं. तिची जुळी बाळं दगावली. अशा पाड्यांवर चांगली गाडी हा चैनीचा विषय नाही. रात्री अवघड रुग्णाला नाशिकला न्यायचं असेल आणि रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर गेलेली असेल, तर गावातल्या कुणाच्या तरी गाडीचं दार ठोठावतात. त्या गाडीचं वय तेव्हा कुणी विचारत नाही, ती सुरू होते का एवढंच पाहतात. एसटी जिथे दिवसातून एक-दोनदाच येते, तिथे जुन्या डिझेल गाड्या काढून घेतल्या तर लोक पायी चालतील. दिल्लीतला नियम जसाच्या तसा इथे लावावा असं मी म्हणणार नाही.

पण यातून शहरांनी सोयीचा निष्कर्ष काढू नये. हवा मोकळी आहे म्हणून इथे कसलीही गाडी चालते, असं बोलून दाखवणारे एजंट मी ऐकले आहेत. जीपमागे दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलाची फुप्फुसं दादर-नाशिकच्या मुलाइतकीच नाजूक असतात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर लोकांचे हे तालुके कुपोषणाने बदनाम झाले, उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करत राहिले, आणि इथल्याच मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. त्या बदल्यात मुंबईने आपला धूर इथे पाठवायचा, हे मला सहन होत नाही.

म्हणून विकणाऱ्याने दुरुस्ती आधी करावी, किंमत नंतर बोलावी. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर एजंटच्या हाती न देता अधिकृत भंगार केंद्रात द्यावी. पैसे कमी येतील, येऊ देत. विकायची असेल तर नाव बदलून झाल्याशिवाय सोडू नये. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी हवाली करण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिच्यात पहिला मालक आपण सुटलो असं समजतो, पण कागदावर मालक तोच राहतो, आणि अपघात झाला की विमा आणि जबाबदारी कुणाची यावर भांडण उरतं. ते गरिबाला परवडत नाही.

आमची गाडी मोखाडा तालुक्यातल्याच एका ओळखीच्या शिक्षकांनी घेतली. त्यांना शाळेसाठी रोज घाटातून जावं लागतं. विकण्याआधी चारही इंजेक्टर तपासून घेतले, एक बदलला, आणि तो खर्च किमतीत चढवला नाही. नाव बदलल्याचं आरसी हाती पडल्यावरच किल्ली दिली. क्लच फार तर वर्षभर टिकेल, मागचे टायर पावसाआधी बदलायला हवेत आणि फिल्टरमधलं पाणी कसं काढायचं, हे सगळं सर्व्हिसच्या वहीत लिहून दिलं आहे. सरांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून क्लचला खर्च किती येईल ते विचारलं, आणि मी त्यांना आमच्या मेस्त्रीचा नंबर दिला.