जरा, रती आणि औचित्य

भरताने नाट्यशास्त्रात शृंगाराचे स्वरूप सांगताना त्याला ‘उत्तमयुवप्रकृती’ असे विशेषण योजले आहे. रती हा स्थायिभाव मनुष्यमात्राच्या ठायी असला, तरी त्याला रसरूप येण्यासाठी स्त्रीपुरुष तरुण असावेत, असा त्याचा फलितार्थ. पुढील आलंकारिकांनी अनुचित रतीची गणना रसाभासात केली आणि अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हेच काव्याचे जीवित ठरविले. या विधानांच्या संयोगातून एक तिसरे विधान, कोणी उघडपणे न मांडताही, संस्काराच्या रूपाने रूढ झाले: वार्धक्यातील रती अनुचित होय. मराठीने तर त्यासाठी ‘म्हातारचळ’ असा शब्दच घडविला आहे. हा शब्द वर्णन करीत नाही, निवाडा देतो. प्रश्न असा की, हा निवाडा नैतिक आहे की केवळ अभिरुचीचा? एका रसव्यवस्थेला जे पाहवत नाही, त्यालाच आपण अनीती म्हणत आलो आहोत काय?

या निवाड्यामागे दोन प्रभावी कथने उभी आहेत. पहिले देवलांच्या ‘शारदा’ या 1899 मधील नाटकाचे. त्यातील भुजंगनाथ हा जरठ-कुमारी विवाहाच्या अमानुष रूढीचा प्रतिनिधी. त्याचा उपहास सर्वथा न्याय्य होता. दुसरे कथन ययातीचे. महाभारतातील हे उपाख्यान खांडेकरांच्या 1959 मधील कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या मनात अतृप्त कामाचे प्रतीक होऊन बसले. तथापि या दोन्ही कथनांत नेमका दोष कशाचा आहे, हे नीट पाहावयास हवे. भुजंगनाथाचा अपराध वृद्धपणी इच्छा होणे हा नाही. एका मुलीचे आयुष्य तिच्या संमतीवाचून विकत घेणे हा आहे. ययातीचा अपराधही जरेत कामना असणे हा नाही. जरा नाकारणे आणि तिचे ओझे पुत्राच्या देहावर टाकणे हा आहे. दोहोंतही वृद्धाची इच्छा दुसऱ्याच्या तारुण्यावर आक्रमण करते. एकमेकांच्या सोबतीने वृद्ध झालेल्या दोघांविषयी ही कथने काहीच बोलत नाहीत. एका प्रकारच्या अन्यायाचा धिक्कार करण्यासाठी उभारलेली प्रतिमा अशा रीतीने भलत्याच नात्यावर आरोपिली गेली.

धर्मशास्त्राचा आधारही मानला जातो तितका निर्णायक नाही. अंगावर वळ्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याला अपत्य झालेले दिसले, की गृहस्थाने अरण्याचा आश्रय करावा, असे मनुस्मृती सांगते. परंतु तेथेच पत्नीला पुत्रांकडे सोपवावे किंवा सोबत न्यावे, असा विकल्पही दिलेला आहे. वानप्रस्थाने ब्रह्मचारी असावे ही अपेक्षा आहेच. तरी सहवास मात्र निषिद्ध नाही. वात्स्यायन तारुण्यात काम आणि वार्धक्यात धर्म व मोक्ष अशी वाटणी करतो आणि लगेच आयुष्य अनित्य असल्याने जे जसे प्राप्त होईल तसे सेवावे, अशी मोकळीकही ठेवतो. शास्त्राने ठेवलेली ही फट कुटुंबव्यवस्थेने बुजविली. सून घरात आली की सासूचे अंथरूण नातवंडांकडे जाते आणि सासऱ्याचे ओसरीवर किंवा गॅलरीत. हे कोणी ठरवीत नाही, कोणी विचारीतही नाही. जागेची टंचाई हे कारण खरे आहे. पण टंचाईत कोणाचा एकांत प्रथम जातो, हा अर्थशास्त्राचा नव्हे, मूल्यांचा प्रश्न आहे.

संस्कृत परंपरेत या व्यवस्थेला छेद देणारा एक विलक्षण क्षण आहे. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्या अंकात रामाच्या मुखी दांपत्यप्रेमाचे जे वर्णन घातले आहे, त्यात जरेने ज्याची गोडी हिरावून नेता येत नाही, असे त्या प्रेमाला म्हटले आहे. काळाने संकोचाची आवरणे दूर केल्यावर जे परिपक्व उरते, ते दुर्लभ होय, असा त्याचा आशय. येथे रस तारुण्यावर नव्हे, काळावर उभा आहे.

परंतु याच ठिकाणी सर्वांत गंभीर आक्षेपही उभा राहतो. राम हे बोलतो तेव्हा सीता निद्रिस्त आहे आणि थोड्याच वेळात तो तिच्या त्यागाचा निर्णय घेतो. दांपत्याच्या अद्वैताचे गान एकट्या पुरुषाच्या मुखातून होते. तिचा शब्द त्यात नाही. ज्या स्त्रीला आयुष्यभर कोणी इच्छा विचारली नाही, तिला वार्धक्यातील भजन, व्रते आणि नातवंडांशेजारचे अंथरूण ही वंचना वाटेलच असे नाही. ती तिची पहिली सुटकाही असू शकेल. अशा स्त्रीच्या निवृत्तीला केवळ संस्कारांचे दडपण म्हणणे हा तिच्यावर पुन्हा एकदा केलेला अन्याय ठरेल. वृद्ध दांपत्याच्या जवळिकीचे समर्थन करणाऱ्या विचाराने म्हणूनच त्या जवळिकीचा इतिहासही विचारात घेतला पाहिजे.

दुसऱ्या बाजूने बाजारपेठेनेही आपले औचित्य आणले आहे. सिमोन द बोव्हारने 1970 मध्ये वार्धक्यावरील ग्रंथात वृद्धांच्या लैंगिकतेविषयी समाजाला वाटणाऱ्या किळसेची मीमांसा केली, तेव्हा प्रश्न मौनाचा होता. 1998 मध्ये सिल्डेनाफिल अमेरिकेत विक्रीस आल्यानंतर तो सामर्थ्याचाही झाला. औषधाचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु जरेवर मात केल्यावाचून प्रीती अपुरी, असे जेव्हा सुचविले जाते, तेव्हा ययातीच नव्या वेषात परत येतो. जुने औचित्य वृद्धाला ‘इच्छा नको’ म्हणते, नवे औचित्य ‘तरुणासारखीच इच्छा हवी’ म्हणते. जरेला तिची स्वतःची रती असू शकते, हे दोघांनाही मान्य नाही.

ही रती समागमात असेल किंवा नसेल. दुखऱ्या गुडघ्याला तेल लावणाऱ्या हातात, रात्री शेजारच्या श्वासाची चाहूल घेण्यात किंवा ‘आज नको’ हे न घाबरता म्हणता येण्यातही ती असेल. तिचे औचित्य वयावरून ठरत नाही. दोघांपैकी प्रत्येकाला होकार आणि नकार यांचा सारखाच अधिकार आहे की नाही, यावरून ते ठरते. या कसोटीवर कित्येक तरुण विवाहांतील शृंगार रसाभास ठरेल आणि एखाद्या बंद खोलीतील पिकल्या केसांचा स्पर्श रसाच्या पदवीला पोहोचेल. मात्र त्यासाठी निजलेल्या सीतेला जागे होऊन बोलू दिले पाहिजे. ती काय म्हणेल, हे रामाने आधीच गृहीत धरून चालणार नाही, समीक्षकानेही नाही.