नाथांचा पक्व देह आणि कार्बनचे व्हायोलिन

महाशिवरात्रीला तोरणमाळच्या पठारावर गोरक्षनाथांची यात्रा भरते. महाराष्ट्रातून येतात तितक्याच ओढीने मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही भाविक सातपुडा चढून येतात. त्यांचे नवस संसारातलेच असतात, पोराबाळांचे, पिकापाण्याचे. पण ज्यांच्या नावाने हे नवस बोलले जातात त्या नाथांनी एक फार धीट मागणी केली होती. त्यांना न झिजणारा देह हवा होता. देह नाशवंत आहे, त्याचा मोह सोडा, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. नाथांनी प्रश्न उलटा टाकला. साधना ज्याच्या आधाराने करायची तो देहच अर्ध्या वाटेवर मोडला, तर साधनेचे काय होणार? नाथपरंपरेतल्या ‘योगबीज’ या ग्रंथात देहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, अपक्व आणि पक्व. अपक्व देहाला थंडी, ऊन, सुखदुःख सारे बाधते. योगाग्नीत भाजून निघालेला पक्व देह त्याला पुरून उरतो. आज रंगमंचावरचे अनेक वादक लाकडी व्हायोलिन बाजूला ठेवून कार्बन फायबरचे विजेवरचे व्हायोलिन हाती घेतात, तेव्हा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. टिकाऊपणाची ही ओढ म्हणजे साधनाचा मोह, की साधनेची गरज? माझे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे, पण पहिल्या बाजूचे म्हणणे हलके नाही.

आधी लाकडाची अडचण नीट पाहू. व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूसची आणि खालची मेपलची, दोन्ही काही मिलिमीटर जाडीच्या. हवेतला ओलावा वाढला की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, हवा कोरडी झाली की आक्रसते. खुंट्या कधी घट्ट बसतात, कधी सटकतात. सांधे सुटतात, पाटीला तडा जातो. जे वाद्य आपल्या गावातच राहते त्याला हे जाचत नाही. सातपुड्यातल्या होळीचे मोठे ढोल फाल्गुनात घुमतात, आणि फाल्गुनाच्या कोरड्या हवेत चामडे आपसूक ताठ असते. तिथे वाद्य आणि ऋतू यांचा मेळ पिढ्यानपिढ्या बसलेला आहे. हा मेळ मोडला की काय होते ते पुण्याच्या गणेशोत्सवात दिसते. भर पावसात ढोल वाजवायचे म्हटल्यावर चामड्याची पाने ढिली पडू लागली, आणि पथकांनी कृत्रिम पाने चढवली. त्यामुळे गणपतीची मिरवणूक अपवित्र झाली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. फिरतीवरच्या व्हायोलिनवादकाला तर ऋतूच उरलेला नाही. सकाळी कोकणातली दमट हवा, दुपारी विमानाच्या पोटातली कोरडी थंडी, रात्री तापलेल्या दिव्यांखालचा मंच. ‘योगबीज’मधल्या अपक्व देहाचे सगळे भोग त्याच्या वाद्याच्या वाट्याला एका दिवसात येतात.

कार्बन फायबर कसे तयार होते हे पाहिले की नाथांची आठवण अटळ आहे. एका कृत्रिम धाग्याला प्राणवायू वगळून हजार अंशांहून अधिक उष्णता देतात. त्यातले बाकी बहुतेक सारे उडून जाते आणि कार्बनचा तंतू उरतो. मग तो राळेसारख्या इपॉक्सीत भिजवून साच्यात थरावर थर रचतात आणि पुन्हा भाजतात. योगाग्नीचे इतके शब्दशः रूप कारखान्यात सापडावे ही गंमतच. तंतूच्या लांबीत या पदार्थाचे उष्णतेने होणारे प्रसरण जवळजवळ शून्य असते आणि दमटपणाचे त्याला फारसे सोयरसुतक नसते. विजेच्या व्हायोलिनला तर या पदार्थाचा ताठपणाही विशेष मानवतो. तिथे तारेचे कंपन घोडीजवळचा संवेदक उचलतो आणि आवाज मोठा करण्याचे काम यंत्र करते. अंगाने घुमण्याऐवजी ताठ राहायचे असते. पोकळ लाकडी पोट मोठ्या ध्वनिक्षेपकासमोर आले की तोच आवाज परत घेऊन घुमू लागते आणि शिट्टी सुरू होते. भरीव किंवा अगदी कमी पोकळ अंगाच्या वाद्याला ही बाधा क्वचितच होते. पण हा देह पूर्ण पक्व असतो असे मात्र नाही. तारा उष्णतेने उतरतातच, गजाला बहुधा घोड्याचेच केस असतात आणि त्यांना लावायचे रोझिन पाइन वृक्षाच्या चिकापासूनच येते. अविनाशी अंगाला नाशवंत सोबत सुटलेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, की ज्या वाद्याच्या अंगातून नादच निघत नाही ते वाद्य कसले? आक्षेपामागे मोठी परंपरा आहे. ऐतरेय आरण्यकात मानवी देहालाच दैवी वीणा म्हटले आहे आणि माणसाने केलेली वीणा ही तिची प्रतिमा. दोघींना डोके, पोट आणि जीभ आहे, जुन्या वीणांवर केसाळ कातडेही मढवत असत असे तिथे नोंदले आहे. पोटच नसलेले व्हायोलिन या प्रतिमेत बसत नाही, हे मान्य करायला हवे. पण बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला नगारा, शंख आणि वीणा यांचेच दाखले देऊन वेगळे काही सांगतात. बाहेर पडलेले नाद एकेकटे पकडता येत नाहीत. वीणा पकडावी, नाहीतर वीणा वाजवणाऱ्याला पकडावे. नादाचा ठाव विचारत गेलो तर शोध वस्तूच्या घडणीपाशी थांबत नाही, वाजवणाऱ्यापर्यंत जातो. नाथकथाही हेच सांगते. ‘नवनाथ भक्तिसार’ ही पोथी मालू कवीने १८१९ मध्ये पूर्ण केली. तिच्यातला गोरक्षनाथ स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला सोडवायला निघतो तो कलिंगा नर्तकीच्या मेळात शिरून, आणि मृदंगाच्या बोलांतून मच्छिंद्रनाथाला हाक मारतो. तो मृदंग नाचगाण्याच्या मेळातला होता, त्याच्यावर कसलाही संस्कार झालेला नव्हता. गुरू जागा झाला तो वाजवणाऱ्यामुळे.

दुसरा आक्षेप तोरणमाळच्याच खानदेशातून येतो आणि तो अधिक टोचणारा आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांची कथा मराठी माणसाला सांगायला नको. त्यांनी ज्ञानदेवांना कोरा कागद पाठवला, आणि इतकी वर्षे जगून तुम्ही कोरेच राहिलात, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे परंपरा सांगते. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या गेल्या. ज्ञानदेव स्वतः गोरक्षनाथांच्याच गुरुपरंपरेतले, म्हणजे देह पक्व करण्याच्या नाथांच्या कायासिद्धीला हा टोला घरातूनच बसला. वाद्यांच्या जगातही असा चांगदेव आहे. अँटोनियो स्ट्राडिव्हारीने १७१६ मध्ये घडवलेले ‘मसाया’ हे व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात जवळजवळ नव्यासारखे आहे, कारण ते फारसे वाजवलेच गेले नाही. त्याच कारागिराची वाजती व्हायोलिने मात्र सतत दुरुस्त होत आली आहेत. बहुतेकांच्या माना एकोणिसाव्या शतकात बदलल्या गेल्या. त्यांचे सांधे जनावरांच्या सरसाने मुद्दाम अशा बेताने जोडलेले असतात, की ताण आला तर सांधा सुटावा, पाटी फुटू नये. म्हणजे लाकडी व्हायोलिनने तीनशे वर्षे काढली ती झीज टाळून नव्हे. झिजायचे आणि दुरुस्त व्हायचे, ही तिथली दीर्घायुष्याची रीत आहे. कार्बनचे वाद्य ठोस आघाताने फुटले, तर कोणत्याही कारागिराला ते इतक्या सहज सांधता येत नाही. टिकण्याच्या या दोन तऱ्हांत लाकडाची तऱ्हा मला अधिक शहाणी वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरीही चांगदेवांचा दाखला कार्बनच्या विरुद्ध जात नाही. त्यांचे आयुष्य लांबले यात मुक्ताबाईंना काही वावगे नव्हते. त्या लांबलेल्या वेळात काय घडले, एवढेच त्यांनी विचारले. व्हायोलिनवादकाने पक्व देहाचे वाद्य घ्यावे ते त्याची काळजी कमी करून सुराकडे लक्ष द्यायला. ज्याचे मन खुंटी सटकेल का, तडा पसरेल का, इकडे लागलेले असते, तो मैफलीत अर्धाच असतो. राहिला लाकडाच्या दैवी नादाचा दावा. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांना डोळ्यांना काही कळणार नाही अशा बेताने जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. वादकांना जुने कोणते हे खात्रीने ओळखता आले नाही आणि बहुतेकांनी नव्यांनाच पसंती दिली. या प्रयोगातली सगळी वाद्ये लाकडीच होती, त्यामुळे कार्बनचा नाद लाकडाइतकाच गोड असल्याचा हा पुरावा नव्हे, आणि माझ्या मते तसा तो नाहीही. मात्र वस्तूच्या वयातून आणि ख्यातीतून जे ऐकू येते त्यातले बरेच काही ऐकणाऱ्याच्या श्रद्धेतून येते, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

तिसरा आक्षेप वाद्य मोडल्यावर त्याचे काय होते याचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतात वाढतो आणि वाद्य मोडले तर मातीत मिसळतो. कार्बनचा तंतू आणि इपॉक्सी एकमेकांपासून सोडवून पुन्हा वापरणे अजून अवघड आणि खर्चाचे आहे. जो नाशाला नाकारतो त्याचा भार शेवटी दुसऱ्या कोणावर तरी पडतो, ही बाब नाथांच्या कायासिद्धीतही होती आणि इथेही आहे. गजाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे. उत्तम गजासाठी लागणारे ब्राझीलचे पर्नाम्बुको लाकूड २००७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंधांच्या यादीत आहे, तिथे कार्बनचा गज झाड वाचवतो. म्हणून सरसकट निवाडा देता येत नाही. ज्या वादकाचा उन्हाळा-पावसाळा एकाच घरात जातो, त्याने लाकडाचे वाद्य वाजवावे आणि चांगल्या कारागिराशी ओळख ठेवावी. ज्याला गावोगाव, हवामानामागून हवामान ओलांडत वाजवायचे आहे, त्याने कार्बनचे खुशाल घ्यावे, पण एकच घ्यावे आणि दर दोन वर्षांनी नवे नमुने धुंडाळत बसू नये.