विद्येचा अधिकार आणि लग्नाची घाई

ज्ञानाला पात्र कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्या तत्त्वज्ञानाने दोन तोंडांनी दिले आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या आरंभी शंकराचार्य विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षा ही चार साधने ज्याच्या ठायी असतील त्याला ब्रह्मजिज्ञासेचा अधिकारी ठरवतात, आणि या चारांत जातीचा वा लिंगाचा उल्लेखही नाही. परंतु त्याच भाष्यात शूद्राचा अधिकार नाकारणारे अपशूद्राधिकरण येताच, ज्याला उपनयन नाही त्याला वेदाध्ययन नाही, या दंडकापुढे ती सारी उदात्तता निमूट मान तुकवते. स्त्रीचे उपनयन तर मनुस्मृतीने विवाहातच विसर्जित केले आणि गुरुगृहीच्या वासाची जागा पतिसेवेला दिली. गार्गी-मैत्रेयींची नावे आपण सभांतून अभिमानाने घेतो. त्या या हिशेबात कोठे बसतात, हे कोणी विचारीत नाही.

उमरेडला 1892 साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांच्या वाटेत हे दोन्ही अडसर होते: अस्पृश्य मानलेल्या जातीतला जन्म आणि बालवयातले लग्न. नागपूर-कामठी दरम्यान ओझी वाहणाऱ्या या बाईंना एका मिशनरी बाईच्या साहाय्याने शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली खरी, परंतु अस्पृश्य स्त्री शिकविते हे कळताच पालकांनी मुले पाठविण्याचे नाकारले आणि नशिबी पुन्हा हमाली आली. तरीही 1922 मध्ये त्यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली, आणि तिला नाव दिले ते ज्याला पंढरीच्या देवळाबाहेरच राहावे लागले त्या चोखामेळ्याचे. अधिकाराची याहून कठोर परीक्षा कोणत्या आचार्याने घेतली असती?

महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली. विवाह झाला की मुलीची विद्या संपली, ही समजूत मात्र त्या अग्नीतून सुटली. म्हणूनच जुलै 1942 मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत डॉ. आंबेडकरांना लग्नाची घाई करू नका, असे आवर्जून सांगावे लागले. आजही ज्या घरांत स्मृतीचे पानही कोणी पाहिलेले नाही, ज्यांचा धर्मही निराळा, तेथेही चांगले स्थळ सांगून आले की मुलीची शाळा सुटते. विचारावे तर वडील गरिबी सांगतात, शाळेचे अंतर सांगतात, स्वच्छतागृहाचा अभाव सांगतात. ही कारणे खोटी नसतात, परंतु त्याच घरातल्या मुलासाठी तीच गरिबी आणि तेच अंतर सोसले जाते, तेव्हा मूळ कारण तिजोरीत नसून श्रद्धेत आहे, असे मला वाटते.

कायद्यानेही या श्रद्धेला नकळत सवड ठेविली आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची मुदत चौदाव्या वर्षी सरते आणि मुलीच्या विवाहाची कायदेशीर वयोमर्यादा 18 वर्षांची आहे. मधली चार वर्षे सरकारने घरच्यांच्या मर्जीवर सोडली आहेत. मोफत व सक्तीच्या शिक्षणाची मुदत 18 वर्षांपर्यंत वाढवावी, आणि तोवर निदान आपापल्या घरी तरी बारावीपूर्वी मुलीच्या स्थळाची बोलणी होऊ देऊ नयेत, एवढीच वाचकांना विनंती आहे.