संपणाऱ्या मालिका

कोरियन आणि चिनी मालिकांचं वेड मराठी घरांत आता नवं राहिलेलं नाही. कॉलेजातल्या मुली बघतात, त्यांच्या आया बघतात, आणि रात्रीची जेवणं आटोपल्यावर सबटायटल्स वाचत बसणारे निवृत्त गृहस्थही मी पाहिले आहेत. काय आवडतं असं विचारलं की देखणी माणसं, हळुवार प्रेम, कपडेपट, थोरामोठ्यांचा मान अशी उत्तरं येतात. ती खोटी नाहीत. पण यातलं बरंचसं आपल्या मालिकांतही असतं आणि तरी त्या बघून मन भरत नाही. मला यामागचं खरं कारण फार साधं वाटतं: या मालिका संपतात. एखादी मालिका कधीतरी संपणार हे आधीच ठरलेलं असलं, की तिच्यातल्या प्रत्येक प्रसंगाची किंमत बदलते.

कोरियातली रूढ पद्धत अशी, की तासाभराचा एक असे साधारण १६ भाग, आठवड्यातून दोन. म्हणजे दोन महिन्यांत गोष्ट पुरी. अनेक वर्षं तिथे प्रक्षेपण सुरू असतानाच पुढचे भाग लिहिले जात, चित्रीकरणही अगदी ऐनवेळी होई. पण शेवटचं पान हाती नसलं तरी ते कोणत्या आठवड्यात लिहावं लागणार हे पक्कं असे. त्यामुळे तिथे लेखकाला वजन आलं. प्रेक्षक मालिका ओळखतात ती लेखकाच्या नावावरून. आणि बहुतेक वेळा ती लेखिकाच असते. किम उन-सुक, नो ही-क्युंग, पार्क हे-यंग ही नावं तिथल्या घराघरांत माहीत आहेत.

पार्क हे-यंग यांची २०१८ची ‘माय मिस्टर’ मला या प्रकारातली सर्वांत मोठी कलाकृती वाटते. पंचेचाळिशीतला एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि त्याच्याच ऑफिसात हंगामी काम करणारी, कर्जाखाली दबलेली २१ वर्षांची मुलगी. ती ऑफिसातल्या इन्स्टंट कॉफीच्या पुड्या चोरून घरी नेते. रात्री तेच तिचं जेवण. पैशासाठी ती या माणसाच्या फोनवर पाळत ठेवते, आणि दिवसरात्र त्याचं बोलणं, त्याचे उसासे, पायऱ्या चढताना लागलेली धाप ऐकता ऐकता त्याला ओळखू लागते. यातून प्रेमकथा निघेल अशी भीती पहिल्या काही भागांत वाटत राहते. ती निघत नाही. निघते ती दोन माणसांनी एकमेकांना जगायला केलेली मदत.

या मालिकेत मुलीची मूकबधिर आजी वारते. अंत्यविधीला यायला तिचं कुणीच नाही. तेव्हा इंजिनिअरचा थोरला भाऊ, नोकरी गेलेला, बायकोपासून वेगळा राहणारा, सगळ्यांच्या थट्टेचा विषय असलेला माणूस, स्वतःसाठी लपवून ठेवलेले पैसे बाहेर काढतो आणि दालन भरून जाईल इतकी मोठमोठी पुष्पचक्रं मागवतो. वस्तीतले सगळे सुतकाला जमतात, जेवतात, मोकळ्या जागेत खेळतात. कधीही न पाहिलेल्या म्हातारीसाठी केलेलं हे सगळं पाहताना माझा गळा दाटून आला. पंधरा भाग या भावाला हास्यास्पद ठरवत आणलं होतं ते या एका खर्चासाठी. हजार भागांच्या मालिकेत असा प्रसंग ठेवायला जागाच नसते, कारण तिथे पुढच्या आठवड्यात त्या भावाला पुन्हा पहिल्यासारखं व्हावं लागतं.

‘रिप्लाय १९८८’चंही तेच. सोलमधल्या सांगमुन-डोंगच्या एका गल्लीतली पाच कुटुंबं, संध्याकाळी या घरातून त्या घरात जाणारी वाटगी. मुंबई-पुण्याच्या चाळीत वाढलेल्यांना ती गल्ली परकी वाटूच शकत नाही. पण मालिका नुसती आठवणींत लोळत नाही. अखेरीस गल्लीचा पुनर्विकास ठरतो आणि एकेक बिऱ्हाड उठतं. ती गल्ली उठली नसती तर तिथला एकही प्रसंग मला इतका लक्षात राहिला नसता.

चीनची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तिथली लांबी आपल्याला ओळखीची वाटेल. राजवाड्यातल्या राण्यांच्या कारस्थानांवरच्या २०१८मधल्या दोन गाजलेल्या मालिकांपैकी ‘यानशी पॅलेस’चे ७० भाग, तर ‘रुयी’चे ८७. या मालिकांची मांडणी देखणी आहे, आणि ‘यानशी’ची नायिका वेई यिंगलुओ अपमान गिळत बसत नाही म्हणून ती लोकांना आवडली, हेही मान्य. तरी तिसाव्या भागानंतर एकाच डावाची पुनरावृत्ती जाणवते. विषप्रयोग झाला, आळ आला, आळ फिटला. २०२०मध्ये चिनी सरकारच्या प्रसारण नियामकाने ४० भागांची मर्यादा घातली आणि ३०च्या आत आटोपण्याचा आग्रह धरला. त्याच सुमारास तिथल्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी बारा-पंधरा भागांच्या मालिका काढायला सुरुवात केली होती, आणि चिनी दूरचित्रवाणीतलं खरं सोनं मला या छोट्या मालिकांतच सापडलं.

शिन श्वांग या दिग्दर्शकाची २०२३ची ‘द लाँग सीझन’ बारा भागांची आहे. हुआलिन नावाचं ईशान्य चीनमधलं काल्पनिक पोलादनगर. गोष्ट १९९७, १९९८ आणि २०१६ या तीन काळांत पुढेमागे जाते. वांग शियांग हा कारखान्याच्या आतल्या रेल्वेचा इंजिनचालक. कारखाना म्हणजे आपलं घर, आपल्यानंतर मुलगा इथेच लागणार, या भरवशावर ताठ मानेनं चालणारा. मग कामगारकपातीच्या याद्या लागतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चीनमधल्या सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार घरी बसले, त्यातलाच हा एक. २०१६मध्ये तो टॅक्सी चालवतो. मुलगा गेलेला, बायको गेलेली. वरवर ही एका खुनाच्या तपासाची मालिका आहे, पण खुन्याचं नाव कळून फारसं काही उलगडत नाही. मनात राहतो तो मा देशेंग, एके काळचा करारी पोलीस अधिकारी, म्हातारपणी रंगीत कपडे घालून लॅटिन नृत्याचा सराव करणारा. दिग्दर्शकाने ईशान्येचं नेहमीचं बर्फ टाळून सगळं शरदातल्या पिवळ्या उन्हात दाखवलं आहे. इतकं दुःख इतक्या उजेडात मी क्वचितच पाहिलं असेल.

मात्र चिनी मालिकांचा शेवट अनेकदा लेखकाच्या हातात नसतो, हे विसरून त्यांचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. याच दिग्दर्शकाच्या २०२०च्या ‘द बॅड किड्स’चा शेवट मूळ कादंबरीपेक्षा बराच सौम्य करावा लागला, त्याने तो असा संदिग्ध ठेवला की बारकाईनं बघणाऱ्याला काळी बाजूही दिसावी. ‘द अनटेम्ड’ जिच्यावरून झाली त्या कादंबरीत दोन पुरुषांचं प्रेम आहे, पडद्यावर त्याची मैत्री झाली. २०१९च्या जानेवारीत सरकारी वृत्तपत्रातून राजवाडी मालिकांवर टीका झाली आणि ‘यानशी’ वाहिन्यांवरून उतरली. भागांची मर्यादा घालणारा हात आणि शेवट बदलायला लावणारा हात एकच आहे. दक्षिण कोरियात १९८७च्या जनआंदोलनानंतर लोकशाही आली, १९९६मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने चित्रपटांची पूर्वपरीक्षण पद्धत घटनाबाह्य ठरवली. ‘रिप्लाय १९८८’मध्ये थोरली बहीण विद्यार्थी आंदोलनात उतरते आणि पोलीस तिच्या दाराशी येतात, हे दृश्य तिथे सहज लिहिता येतं. तियानमेनला गेलेल्या मुलीची अशी कौटुंबिक मालिका बीजिंगला आज काढता येणार नाही.

कोरियन लेखकाला सरकारचा धाक नसला तरी बाजाराचा आहेच. २०२१चा ‘स्क्विड गेम’ नऊ भागांत आपलं म्हणणं पुरतं सांगून झाला होता. जगभर चालला म्हणून २०२४ आणि २०२५मध्ये त्याला आणखी दोन पर्व जोडली गेली, आणि कर्जबाजारी माणसाच्या असहायतेबद्दलची ती जळजळीत गोष्ट स्वतःच्याच खेळांची उजळणी करू लागली.

आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग. तिच्यातल्या कलावंतांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. रोज वीस मिनिटांचं काम देणं सोपं नसतं. पण जी मालिका टीआरपी उतरेपर्यंत चालवायची तिच्यात कुणाचं मरण पक्कं नसतं, कुणाचा पश्चात्ताप टिकत नाही. प्रेक्षकाला हेच हवं आहे, हा वाहिन्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. एका बैठकीत ‘माय मिस्टर’चे चार भाग बघणारी बाई आणि सातच्या मालिकेसमोर भाजी निवडणारी बाई अनेक घरांत एकच आहे. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांच्या मालिका तिच्याच आईने आवडीनं पाहिल्या होत्या.

‘द लाँग सीझन’ बघताना मला सारखं गिरणगाव आठवत होतं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले. जयंत पवारांनी ‘अधांतर’ हे नाटक लिहिलं, त्यावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपटही निघाला, पण छोट्या पडद्यावर त्या माणसांना सलग दहा-बारा तास मिळाल्याचं मला आठवत नाही. साच्यावर उभा राहणारा बाप, खाणावळ चालवणारी बाई, संपानंतर रिक्षा चालवणारा किंवा मॉलच्या दारावर सिक्युरिटीत उभा असलेला मुलगा, आणि १९८२, १९९५, २०१० असे तीन काळ. एवढ्या साहित्यावर बारा भाग लिहू शकणारे लेखक मराठीत आजही आहेत. त्यांना तेरावा भाग लिहायला न लावणारा निर्माता तेवढा हवा आहे.